पदवीच्या प्रकल्पाला हवी दहा वर्षांची नोंदवही

फेब्रुवारी-मार्च उजाडला की विज्ञान महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत प्रोजेक्ट बांधून घ्यायला गर्दी होते. मुंबईत त्याला ‘ब्लॅक बुक’ म्हणतात, इतरत्र नुसतेच ‘प्रोजेक्ट सबमिशन’. शीर्षकेही ओळखीची असतात : अमुक नदीच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक विश्लेषण, तमुक तलावातील प्राणिप्लवक, महाविद्यालयाच्या आवारातील वृक्षगणना, परिसरातील फुलपाखरे. मुलांनी उन्हातान्हात फिरून नमुने आणलेले असतात, टायट्रेशन केलेले असते, झाडांची शास्त्रीय नावे शोधून काढलेली असतात. मग व्हायवा होतो, गुण लागतात आणि ते काम विभागाच्या कपाटात जाते. कपाट भरले की रद्दीत. पुढच्या वर्षी नवी तुकडी त्याच नदीवर जाते, बहुधा दुसऱ्या जागी, दुसऱ्या महिन्यात, दुसऱ्या पद्धतीने. आधीच्या मुलांना काय आढळले होते, हे तिला कोणी सांगत नाही. पदवी प्रकल्पांच्या दर्जाबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण पर्यावरण आणि जीवविज्ञानाच्या प्रकल्पांचे मोठे दुखणे त्यांच्या तुटकपणात आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, या विषयांतला प्रकल्प एका विद्यार्थ्याच्या नावावर संपू नये, तो एका जागेच्या नावाने चालत राहावा. प्रत्येक विभागाने जवळचा एक ओढा, एक तळे किंवा एक टेकडी निवडावी. किमान दहा वर्षे प्रत्येक तुकडीने तिथेच, त्याच महिन्यांत, त्याच पद्धतीने मोजमाप करावे आणि त्या नोंदी कायम जपून सर्वांना खुल्या ठेवाव्यात.

हा विषय आत्ताच काढण्याला कारण आहे. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यात फील्ड प्रोजेक्टला स्वतंत्र श्रेयांक आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा मार्ग खुला आहे आणि त्यात १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत पदवीच्या पातळीवरचे प्रकल्प कितीतरी वाढणार. यापूर्वी अशीच एक संधी आपण वाया घालवली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे पर्यावरण अभ्यास हा विषय सगळ्या शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. आयोगाने त्यासाठी बनवलेल्या अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्याला दिले होते : जवळची नदी किंवा डोंगर पाहणे, प्रदूषित जागेला भेट देणे, तळ्यासारखी साधी परिसंस्था अभ्यासणे. तरतूद उत्तम होती. वर्षानुवर्षे लाखो मुलांनी ती फाइल लिहिली. त्या लाखो फायलींमधून महाराष्ट्रातल्या एकाही ओढ्याचा इतिहास आज आपल्याला सांगता येणार नाही, कारण त्या गुण देण्यासाठी मागवल्या होत्या, वापरण्यासाठी कोणी मागवल्याच नव्हत्या. साहजिकच अनेकांनी त्या आदल्या वर्षीच्या फायलीवरून उतरवून काढल्या. जी नोंद कोणी वाचणार नाही ती मन लावून करायला एकोणीस वर्षांच्या मुलाने कुठून उत्साह आणावा?

सुटे मोजमाप इतके निरुपयोगी का ठरते, हे पाण्यातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनच्या साध्या चाचणीवरून कळते. पदवीच्या प्रकल्पांत ही चाचणी हमखास असते. काचेच्या झाकणाची, ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली तिरकी धरून, आत बुडबुडा राहू न देता भरायची. तिथेच काठावर बसून पिपेटने मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडायचे. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर तो पांढराच राहतो. एवढे झाले की ऑक्सिजन ‘बांधला’ जातो आणि पुढचे आम्ल घालणे, थायोसल्फेटचे टायट्रेशन वगैरे प्रयोगशाळेत करता येते. पण साका न धरता बाटली दप्तरात टाकून एसटीने महाविद्यालयात आणली, तर वाटेत सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात राहतात आणि हाती येणारा आकडा ओढ्याचा नसून दप्तरातल्या बाटलीचा असतो. समजा सगळे नीट केले आणि लिटरला ६ मिलिग्रॅम असा आकडा आला. तो चांगला की वाईट? पहाटे शेवाळाचे प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते तेव्हा ऑक्सिजन तळाला जातो, दुपारी चढतो. जुलैत खळाळत्या पाण्यात तो भरपूर असतो, मे महिन्यात कोमट डबक्यात कमी. तेव्हा हा ६ चा आकडा पहाटेचा की दुपारचा, पुलाच्या वरच्या अंगाचा की गटार मिळते त्याच्या खालचा, गेल्या वर्षी याच आठवड्यात तिथे किती होता, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. जुना केसपेपर नसताना डॉक्टरांनी रोग्याचा एकदाच रक्तदाब मोजावा तसे हे आहे. आपल्या हजारो प्रकल्पांमध्ये असे एकेकटे आकडे आहेत, आणि त्यातले बरेचसे कष्टाने, प्रामाणिकपणे मिळवलेले आहेत, याचे जास्त वाईट वाटते.

सातत्याने ठेवलेली साधी नोंद काय करू शकते याचे बोलके उदाहरण जर्मनीतले आहे. क्रेफेल्ड शहरातल्या कीटकप्रेमींच्या मंडळाने १९८९ पासून संरक्षित क्षेत्रांत तंबूच्या आकाराचे सापळे लावून उडणारे कीटक पकडले, अल्कोहोलमध्ये जपले आणि त्यांचे वजन केले. या मंडळात पुष्कळसे हौशी अभ्यासक होते. २०१७ मध्ये या २७ वर्षांच्या आणि ६३ ठिकाणांच्या नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध झाले, तेव्हा उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटल्याचे दिसले. जगभर खळबळ उडाली. गंमत नव्हे, महत्त्वाची गोष्ट अशी की यातल्या बहुतेक ठिकाणी सापळे एकदोन वर्षेच लागले होते. तरीही तुलना करता आली, कारण सापळ्याची घडण, जाळी, नमुना जपण्याची आणि वजनाची रीत त्यांनी सत्तावीस वर्षे बदलू दिली नव्हती. वजनकाट्यापलीकडे त्यांच्याकडे विशेष यंत्रसामग्री नव्हती. त्यांच्याकडे शिस्त होती. आपल्याकडे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालाने हाच मुद्दा उलट्या बाजूने दाखवला. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला, पण दीर्घकाळात त्यांची संख्या वाढली की घटली हे फक्त ३३८ प्रजातींबद्दल सांगता आले. त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत. उरलेल्या सहाशे प्रजातींचे काय झाले हे सांगण्याइतक्या जुन्या नोंदी आपल्याकडे नाहीत. त्या काळातही महाविद्यालये होती, प्राणिशास्त्राचे विभाग होते, मुले पक्ष्यांच्या याद्या करून प्रोजेक्टला जोडत होती. त्यातल्या किती याद्या रद्दीत गेल्या असतील!

केरळातल्या शाळकरी मुलांनी तर पदवीच्या वयाआधीच अशी सलग नोंद ठेवून दाखवली आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ उपक्रमात मुले एक झाड निवडतात आणि आठवड्यामागून आठवडे त्याची पालवी, कळ्या, फुले, फळे नोंदवत राहतात. तिथे एप्रिलच्या मध्याला विषूच्या सणात बहाव्याच्या फुलांना मानाचे स्थान आहे; तो बहावा बऱ्याच ठिकाणी सणाच्या पुष्कळ आधीच फुलून जातो, ही लोकांच्या बोलण्यातली गोष्ट या मुलांमुळे नोंदींवर तपासता आली. आपल्याकडे पळस, पांगारा, सावर, बहावा यांपैकी एखादे झाड नाही असे महाविद्यालयाचे आवार विरळाच. त्याकडे पाहायला दुर्बीणही लागत नाही.

पदवीच्या विद्यार्थ्याचे काम जपले तर ते कुठवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाचे ग्रॅहम हॅटफुल आणि सहकाऱ्यांनी २००८ पासून पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी एक कार्यक्रम चालवला आहे. मुले आपापल्या परिसरातून माती आणतात, तिच्यातून जिवाणूभक्षी विषाणू वेगळे करतात, त्यांना नाव देतात, त्यांचा जनुकक्रम उलगडतात. असेच काम दक्षिण आफ्रिकेतही होत होते. २०१० मध्ये डर्बनमधल्या एका पदवी विद्यार्थिनीने कुजत पडलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूवरून नमुना घेतला आणि त्यातून मिळालेल्या विषाणूला ‘मडी’ असे नाव दिले. तो पिट्सबर्गच्या संग्रहात जपला गेला, त्याची माहिती खुली राहिली. पुढे काही वर्षांनी लंडनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला फुप्फुसरोपणानंतर असा जंतुसंसर्ग झाला की कोणतेही प्रतिजैविक लागू पडेना. संग्रहातल्या तीन विषाणूंचे मिश्रण तिला दिले गेले; त्यात मडी होता. तिच्या प्रकृतीत स्पष्ट सुधारणा झाली आणि २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने ही हकिकत छापली. वांग्यावरून नमुना घेताना त्या विद्यार्थिनीला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिचे काम उपयोगी पडले, कारण ते एका चालत्या संग्रहात दाखल झाले होते आणि तिची परीक्षा संपल्यावर कोणी ते टाकून दिले नव्हते.

महाराष्ट्राला हे सगळे परके नाही. १९९० च्या दशकात माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी जोडून जैवविविधतेच्या नोंदीचे जाळे उभे केले आणि १९९६ मध्ये त्या प्रयोगाचा लेखाजोखा ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. त्याच विचारातून भारतीय विज्ञान अकादमीच्या ‘प्रोजेक्ट लाइफस्केप’ने विद्यार्थ्यांच्या हाती देता येतील अशी ओळखपुस्तके काढली, कृष्णमेघ कुंटे यांचे द्वीपकल्पीय भारतातल्या फुलपाखरांवरचे पुस्तक त्यातलेच. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. स्ट्रेप्टोमायसिस या एका जिवाणूगटात एकूण किती प्रतिजैविक द्रव्ये असू शकतील, याचा त्यांनी वर्षागणिक नोंदल्या गेलेल्या शोधांवर गणित मांडून अंदाज केला. उत्तर सुमारे एक लाख आले. तोवर सापडलेली द्रव्ये त्याचा अगदी थोडा भाग होती. हा निबंध आजही जगभर उद्धृत होतो. कामाला लागली ती वर्षावर्षाची रचून ठेवलेली आकडेवारी आणि नेमका प्रश्न. असे विभाग आणि असे शिक्षक आपल्याकडे होते आणि आहेत. पण तो शिक्षक निवृत्त झाला किंवा दुसरीकडे गेला की काम थांबते, कारण ते व्यक्तीच्या उत्साहावर उभे असते, अभ्यासक्रमात त्याला जागा नसते.

गरज किती आहे तेही पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदले आहेत आणि त्यांतले ५५, म्हणजे सर्वाधिक, महाराष्ट्रात आहेत. मंडळांची मोजणीची ठिकाणे मुख्यतः नद्यांवर असतात. त्या नद्यांना घाण आणून देणाऱ्या असंख्य ओढ्यानाल्यांकडे नियमित पाहणारे कोणी नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची होती. वर्षे गेली, राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दंडाचा इशारा दिला, तेव्हा अनेक ठिकाणी त्या घाईघाईने पुऱ्या झाल्या. ती नोंदवही खरे तर वाढत राहायला हवी. राज्यात साडेचार हजारांहून अधिक महाविद्यालये आहेत, तालुक्यातालुक्यात पसरलेली आहेत. त्यांतल्या विज्ञान शाखा असलेल्या महाविद्यालयांनी एकेक जागा पत्करली, तरी असे निरीक्षणाचे जाळे उभे राहील की जे कोणत्याही सरकारी खात्याला पगारी माणसे नेमून उभारता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्राध्यापकांकडूनच : तेच ते मोजणे म्हणजे संशोधन कसे? संशोधनात नावीन्य हवे. मला वाटते, नावीन्याच्या या आग्रहानेच पदवी प्रकल्पांचे नुकसान केले आहे. चार महिन्यांत, तुटपुंज्या साधनांनी, पहिल्यांदाच हात घालणाऱ्या मुलांकडून नवा शोध मागितला की मिळते ती नव्याची नक्कल : गावाचे नाव बदललेले जुने शीर्षक. उलट नवव्या वर्षीच्या तुकडीला आठ वर्षांची मोजमापे हातात मिळाली, तर प्रश्न आपोआप सुचतात. या ओढ्यातले चतुरांचे डिंभ तीन वर्षांपूर्वी एकाएकी का कमी झाले? वरच्या अंगाला वस्ती झाली तेव्हाच का? पाण्याचे तापमान, ऑक्सिजन, की काठची झाडी तुटल्याने गेलेली सावली? हे खरे संशोधनाचे प्रश्न आहेत आणि ते आधीच्या नोंदींशिवाय विचारताच येत नाहीत. या आक्षेपातला एक भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. मुलांना नुसते आकडे गोळा करायला जुंपले, तर कुतूहल मरेल. म्हणून प्रकल्पाचे निम्मे गुण सामायिक नोंदीला आणि निम्मे त्या नोंदींच्या आधारे विद्यार्थ्याने स्वतः उभ्या केलेल्या प्रश्नाला असावेत. पहिला भाग शिस्त शिकवेल, दुसरा विचार.

दुसरा आक्षेप विश्वासार्हतेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. मुले चुका करतील, प्रजाती चुकीची ओळखतील, काही जण घरी बसून आकडे भरतील. बरोबर. पण आजच्या पद्धतीत या चुका पकडण्याचा मार्गच नाही, कारण तुलनेला काही नसते. एकाच जागेची सलग मालिका असेल तर विचित्र आकडा लगेच डोळ्यांत भरतो. त्यावर साधे उपाय आहेत. प्रत्येक नमुना दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मोजायचा. जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीसोबत निदान एक फेरी एकत्र करायची. ओळख पटली नाही तर ‘ओळखले नाही’ असे लिहून फोटो जोडायचा. कच्ची वही, म्हणजे काठावर बसून लिहिलेली, चिखलाचे डाग पडलेली, खाडाखोड असलेली वही, हीच मुख्य सादर करायची वस्तू मानायची. बाहेरच्या परीक्षकाने व्हायवात प्रश्न त्या वहीवरून विचारावेत. आज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सफाईदार अहवाल काही मिनिटांत लिहून घेता येतो. अशा वेळी बांधलेल्या अहवालाच्या भाषेला गुण देत राहणे म्हणजे जे विद्यार्थ्याने केलेच नाही त्याला गुण देणे. आणि चूक झाली तर ती खोडू नये, नोंदवावी. ‘या महिन्यात थायोसल्फेट जुने होते’ एवढी एक ओळ पुढच्या संशोधकाला दहा पानी चर्चेपेक्षा उपयोगी पडते.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि माणसांचा. राज्यात प्राध्यापकांच्या हजारो जागा रिकाम्या आहेत, अनेक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने दहा वर्षांची जबाबदारी कशी घ्यायची? या प्रश्नाला माझ्याकडे पळवाट नाही. जागा भरल्या पाहिजेत. सलग नोंद ही कायम शिक्षकांच्या बाजूने असलेल्या युक्तिवादांपैकी एक भक्कम युक्तिवाद आहे. पण जागा भरेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आज एक शिक्षक दरवर्षी पंधरा-वीस वेगवेगळ्या विषयांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करतो आणि कशालाच पुरा पडत नाही. एकाच जागेचा, लेखी कार्यपद्धतीचा प्रकल्प त्याचे ओझे कमी करील, आणि शिक्षक बदलला तरी कार्यपद्धती विभागात राहील. पैशांचे म्हणाल तर तापमापक, मीटरपट्टी, चौकट, जाळे, काचेच्या बाटल्या आणि रसायने एवढ्यावर चांगली सुरुवात होते. वेळही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन बंद केल्यापासून प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतला बराच वेळ तक्ते आणि संगणकावरच्या चित्रांत जातो. तो जिवंत प्राण्यांना त्यांच्या जागी, त्यांना धक्का न लावता पाहण्यात गेला तर विषयाचेच भले होईल.

यासाठी नवे मंडळ किंवा नवी योजना लागणार नाही. पीएचडीच्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे खुले भांडार देशात आहे. पदवी प्रकल्पांच्या कच्च्या नोंदींसाठी तशी एक साधी जागा विद्यापीठांच्या ग्रंथालयांना सांभाळता येईल. ‘आविष्कार’सारख्या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेत एका वर्षाच्या चकचकीत पोस्टरइतकाच मान पाच वर्षांच्या सलग नोंदीला देता येईल. अभ्यास मंडळांनी प्रकल्पाच्या नियमांत एक अट घालावी : ज्या जागेवर काम केले, तिथल्या मागच्या तुकड्यांच्या नोंदी अहवालाला जोडल्याशिवाय आणि आपल्या कच्च्या नोंदी भांडारात जमा केल्याशिवाय प्रकल्प पूर्ण समजला जाणार नाही. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेली संलग्न महाविद्यालयांतली मुले २०२७ मध्ये चौथ्या वर्षाच्या दारात उभी असतील. त्यांना संशोधनाचे वर्ष द्यायचे, तर त्यांच्या हाती निदान दोन-तीन वर्षांची मोजमापे असली पाहिजेत, आणि ती घेण्याचे दिवस आत्ताचे आहेत. विभागप्रमुखांना विनंती आहे की त्यांनी आदेशाची वाट पाहू नये. येत्या पावसाळ्याआधी जवळचा ओढा निवडावा, नमुना घेण्याच्या जागी खडकावर रंगाची खूण करावी आणि पहिल्या नोंदीवर तारीख, वेळ, मोजणाऱ्या मुलांची नावे आणि वापरलेली पद्धत लिहून ठेवावी.